कुंचलेबाई आणि बिनडोळ्यांचा वाण

लोक रिकामे बसले की माश्या मारतात. आम्ही पगार घेऊन त्या पाळतो. हा विनोद मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात केला होता आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आलोय. सगळे हसतात. कुंचलेबाई तेवढ्या कधी हसल्या नाहीत. त्या आमच्याकडे पाठ करून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या असायच्या आणि माझं हसून झालं की म्हणायच्या, "झालं? आता नळ्या द्या."

कुंचले हे त्यांचं आडनाव नव्हे. गुंगी दिलेल्या माश्या इकडून तिकडे सरकवायला बारीक टोकाचा कुंचला लागतो, चित्रकाराकडे असतो तसाच. कामावरून उठताना बाई तो अंबाड्यात खोचायच्या आणि विसरायच्या. एकदा तशाच बाजारात भाजी घेऊन आल्या. त्या दिवशी मी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की साहेबलोकही तीच हाक मारायला लागले.

आमच्या संस्थेत गर्भात शरीर कसं घडतं याचा अभ्यास चालतो, आणि तो फळमाशीवर. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्याभोवती घोंघावतं ते चिलट. मी तिचा आचारी. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, घट्ट व्हायला अगर-अगरची पूड आणि बुरशी लागू नये म्हणून थोडं आम्ल, एवढं मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि गरम असतानाच काचेच्या नळ्यांच्या तळाशी ओतायचं. घरी मला धड चहा येत नाही असं बायकोचं म्हणणं आहे. इथे लाखो तोंडं माझ्या हातचं खाऊन वाढली आणि एकानंही कधी नाक मुरडलं नाही.

बाईंचं काम वाण सांभाळायचं. माशीचा वाण कपाटात ठेवून देता येत नाही. आमच्याकडे तरी तो गोठवून पुन्हा उठवायची सोय नाही. म्हणून जुनी नळी हलकेच आपटायची, माश्या खाली पडल्या की कापसाचा बोळा काढून ती नव्या नळीवर उपडी करायची, पुन्हा आपटायची, आणि नव्या नळीला बोळा लावायचा. आई-बाप नव्या घरात जातात, अंडी घालतात, पुढची पिढी उभी राहते. हे वर्षानुवर्षं, न चुकता. बाईंच्या खोलीत मांडण्याच मांडण्या होत्या, आणि सणसणीत ताप असतानाही मी त्यांना तिथे नळ्या आपटताना पाहिलंय.

त्या मांडण्यांवर काय काय होतं ते सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. एका नळीतल्या माश्यांच्या डोक्यावर, मिशांच्या जागी, चक्क पाय. दुसरीत दोन पंखांऐवजी चार. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं जेवण राहिलं. आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मला त्याच दिवशी पातेल्याशी उभं राहून समजावलं होतं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सामान तेच असतं. डोळ्याचीही जनुकं, पायाचीही, सगळी सगळीकडे. कुठे कोणती चालवायची हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवर आपली ठरलेली जागा हुडकतात, तिथे बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात नाहीतर बंद करतात. त्यांतल्या कित्येकांच्या अंगात होमिओडोमेन नावाचा एक छोटा भाग असतो. डीएनएच्या खाचेत तो बोट घातल्यासारखा बसतो.

"म्हणजे मुकादम," मी म्हटलं.

"मुकादमच म्हणा. स्वतः वीट उचलत नाही, पण तो आला की गवंडी कामाला लागतात. छातीवर पाय बांधून घेणारा मुकादम चुकून डोक्यात जागा झाला, की डोक्यावर पाय येतात."

ही अक्कल मला पुरली. कुंचलेबाईंना ती कधी लागलीच नव्हती. त्या म्हणायच्या, "कशानं का होईना, नळीत जे आहे ते नळीत राहिलं पाहिजे." ते राहायचंही. त्यात सगळ्यात जिकिरीचा होता बिनडोळ्यांचा वाण. त्याच्यातला डोळ्याचा मुकादम ऐन डोळ्याच्या जागीच गैरहजर. पण माश्या सगळ्या सारख्या निघत नाहीत. एखादीला डोळा अजिबात नसतो, एखादीला ठिपक्याएवढा, एखादीला बऱ्यापैकी. निवड न करता नुसत्या पालटत गेलं तर काही पिढ्यांत डोळे मोठे मोठे होत जातात आणि वाणाची ओळखच पुसते. म्हणून दर खेपेला बाई गुंगीच्या गॅसच्या पाटावर माश्या झोपवायच्या आणि कुंचल्यानं अगदी आंधळ्या तेवढ्या बाजूला काढायच्या. त्यांनाच पुढची नळी. बाकीच्या मरायला तेलाच्या बाटलीत. वीसेक वर्षं त्यांनी हे केलं, डोळ्यांत तेल घालून.

मग त्यांना नात झाली.

बाई, त्यांची एकुलती एक लेक आणि जावई एकाच घरात राहायचे. बाईंचे यजमान पूर्वीच गेलेले. बाळ बघायला मी इस्पितळात गेलो तेव्हा खोलीत आनंदीआनंद होता. जो तो म्हणत होता, काय काळेभोर डोळे आहेत! खरंच होते. इतके काळे की बुबुळाचा रंग कुठला ते कळेना. मीही म्हटलं, डोळे अगदी टपोरे हो. कुंचलेबाई तेवढ्या पुढे झाल्या. त्यांनी बाळ उजेडाकडे वळवलं, वाकून बघितलं आणि पाळण्यात ठेवून दिलं.

रंग नव्हताच. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, उजेड वाढला की मिटणारा, तो बाळाच्या दोन्ही डोळ्यांत बनलाच नव्हता. दिसत होतं ती सताड उघडी बाहुली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे रक्त तपासून जनुकाचं नाव सांगितलं, पॅक्स-सिक्स. लेक-जावयाला ते नवीन होतं. बाईंना नव्हतं. आमच्या जिन्यात एक मोठं चित्र लावलेलं आहे, त्यावर तीन डोळे एका ओळीत: बिनडोळ्यांच्या माशीचा, उंदराचा आणि असाच पडदा नसलेला माणसाचा. खाली लिहिलंय की तिघांत एकाच जनुकात बिघाड. त्या चित्राखालून बाई रोज ये-जा करत होत्या.

वर विहीणबाई सहज बोलून गेल्या, "तुम्ही सांगायच्या ना त्या माश्या, तसंच झालं की हो." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण शब्द बसायचा तिथे बसला.

बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द बोलता आले असते. त्या दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, बसल्या, नळ्या मागितल्या. त्यानंतरच्या बाईंबद्दल सांगण्यासारखं फार नाही. विचारलं तर उत्तर द्यायच्या, दिलं तर जेवायच्या. एकदा माझ्या पातेल्याशी उभ्या असताना त्यांचा हात तापलेल्या कडेला टेकला आणि तसाच राहिला. मी ओढून काढला. तळव्याला फोड आलेला. त्यांनी तो दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखा बघितला आणि म्हणाल्या, "काही नाही होत." मला भीती वाटली, खरं सांगतो. संतापही आला. पण संताप कुणावर काढायचा ते कळेना.

नात मोठी होत होती. तिला घरात सगळे बिट्टी म्हणत. उजेड सहन होत नाही म्हणून टोपी आणि काळा चष्मा, अगदी घरातसुद्धा. डोळे सतत थरथरायचे, नजर ठरायची नाही. पण पोरगी चुणचुणीत. एकदा बाईंना स्कूटरवरून सोडायला गेलो तर तिनं मला खाली बसायला लावलं, चष्मा काढला, दोन्ही कानांना धरून माझं तोंड आपल्या नाकाशी आणलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "काका, तुझ्या नाकात केस आहेत."

"तिला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं," लेक म्हणाली. "पुढे सगळं धुकं. म्हणून ओळख अशीच करून घेते. सगळ्यांची."

बाई तोवर आत गेल्या होत्या. लेक मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथे बोलली.

"काका, आई तिला घेत नाही."

"कंबर धरते म्हणाल्या होत्या मला."

"दोन बादल्या पाणी उचलते ती. पोरीला हात लावत नाही. इस्पितळात एकदा उचललं तेवढंच. भरवत नाही, जवळ बसत नाही, दारातून बोलते. पोरीनं हात पुढे केला की स्वयंपाकघरात निघून जाते." तिचा आवाज अगदी सपाट होता, आईसारखाच. "किळस वाटत असेल तर तसं सांगावं तिनं. आम्ही दुसरीकडे घर बघितलंय. पुढच्या महिन्यात जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फैलावर घेतलं. चहाच्या वेळी, त्यांच्याच खोलीत, दार लावून. म्हटलं, लेक घर सोडून चाललीय, आणि तुम्ही ढिम्म. नातीला उचलायला काय होतं तुम्हाला?

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ह्या हातांनी मी इतकी वर्षं काय केलं? आंधळ्या तेवढ्या वेचल्या. डोळेवाल्या मारल्या. वेचून वेचून आंधळेपणा टिकवला."

"ते काम आहे, बाई."

"लेक पोटुशी होती तेव्हा रोज संध्याकाळी ह्याच हातांनी तिचे पाय चेपत होते."

"काहीतरीच काय!"

"एकदा दिलं ह्या हातांनी. पुन्हा कशाला लावू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोडं थांबा. होतंय." काय होतंय ते मला कळलं नाही.

ते मला कळलं ते मॅडमना प्रयोगासाठी बिनडोळ्यांचा वाण लागला तेव्हा. मॅडमच्या नाकावर तशीही माशी बसत नाही, आणि आमच्यासारख्या ठिकाणी हे म्हणणं धाडसाचं आहे. त्या नळी घेऊन तरातरा माझ्याकडे आल्या. आत माश्या बागडत होत्या आणि प्रत्येकीला लालभडक, टपोरे डोळे.

"तुमच्या स्वयंपाकघराचं दार उघडं राहतं! बाहेरची माशी शिरली वाणात. वीस वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत!"

मी काही बोलायच्या आत कुंचलेबाई दारात उभ्या होत्या. "बाहेरची नाही शिरली. मीच केलंय."

कितीतरी वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. नात झाल्यापासून त्या उलटं वेचत होत्या. ज्यांचे डोळे त्यातल्या त्यात मोठे, त्या पुढच्या नळीत. आंधळ्या तेलात. दर पिढीला, गुपचूप. आमच्यातलाच माणूस करील अशी चूक ही. दुसरा कुणी असता तर देवळात गेला असता नाहीतर ज्योतिषाकडे.

"मॅडम, त्यांना डोळे उगवलेत," बाई म्हणाल्या. "आंधळ्यांच्याच वंशात. मीच बिघडवलं होतं, मीच दुरुस्त केलं. म्हणजे होतं ना दुरुस्त?"

मॅडमना एव्हाना बिट्टीचं माहीत होतं. त्यांचा राग जागच्या जागी विरला. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि नेहमीपेक्षा हळू बोलल्या.

"बाई, मुकादम अजून गैरहजरच आहे. बाकीच्या लहानसहान जनुकांनी मिळून काम रेटून नेलंय. तुम्ही वेचलंत ते त्यांना. बिघाड होता तिथेच आहे."

"डोळे दिसतायत की."

"दाखवते. ह्यांचं लग्न लावा बाहेरच्या, चांगल्या वाणातल्या माश्यांशी. आणि ह्या वेळी वेचायचं नाही. कुणाला काढायचं नाही, कुणाला मारायचं नाही. हातच लावायचा नाही."

बाईंनी नळ्या लावल्या. पहिली पिढी निघाली. सगळ्यांना डोळे. बाई माझ्याकडे नळी घेऊन आल्या, उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, "बघा, आचारी." हसल्या नाहीत, पण आवाज ओला होता. त्या दिवशी दोनदा जेवल्या. मॅडमनी मात्र नळीकडे नीट बघितलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "नातवंडं येऊ द्या."

नातवंडं आली. मॅडमनी स्वतः गॅस सोडला, माश्या पाटावर पसरल्या आणि उठून बाईंना जागा दिली. बाई बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होत्या. कुंचला हलत नव्हता. मग उठल्या. मी डोळे लावले. बहुतेक माश्या धडधाकट होत्या, आणि त्यांच्यामध्ये, इकडे एक, तिकडे दोन, आंधळ्या. अगदी जुन्या नळीतल्यासारख्या, गुळगुळीत गालांच्या.

"परत आलं," बाई म्हणाल्या. "सगळं फुकट."

मला मॅडमचा राग आला. एवढं खरं दाखवून काय मिळवलं? जगू द्यायचं होतं बाईला त्या डोळ्यांवर.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "ह्या नळीत कुणी वेचलं?"

"कुणीच नाही."

"तुम्ही हात लावलात?"

"तुम्हीच नाही म्हणालात."

"मग आंधळ्या कुणी आणल्या?"

बाईंनी पुन्हा पाटावरच्या माश्यांकडे बघितलं.

"रेटून नेणारी जनुकं ह्या लग्नात पांगली, बिघाड आत होताच, म्हणून त्या आल्या. तुमच्या हातानं तो केला नव्हता आणि तुमच्या हातानं तो गेलाही नाही. हातानं फक्त कुठली माशी कुठल्या नळीत जाईल एवढं ठरतं. तुमच्या लेकीचं, जावयाचं रक्त तपासलं होतं ना? दोघांत काही निघालं नाही. मग हे एका बीजपेशीत झालं, नक्कल उतरवताना एक अक्षर हुकलं, कुणी जवळ नसताना. माणसात ह्या जनुकाच्या दोन प्रती. बिट्टीची एक चालते, एक नाही. अर्ध्याच मुकादमांवर डोळा बांधला गेला, म्हणून पडदा राहून गेला. पाय चेपल्यानं ते होत नाही. माश्या वेचल्यानं होत नाही."

"आणि बरं होईल?"

"पडदा आता बनायचा नाही, बाई. आहे ती नजर सांभाळायची, डॉक्टर सांगतील तसं. खोटं कशाला सांगू?"

बाईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. तळव्यावर त्या फोडाचा डाग होता, त्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे हे काहीच करत नाहीत," त्या म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, "नाही करत." मला वाटलं आता तरी बांध फुटेल. पण त्यांनी नळीला बोळा लावला, नळी मांडणीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "मला घरी सोडा." अजून दुपार होती. कामाच्या वेळात त्या पहिल्यांदाच उठल्या होत्या.

घरात खोकी बांधून ठेवली होती. पडदे ओढलेले, अर्धवट अंधार. लेक गुडघ्यांवर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिनं मान वर केली नाही. बिट्टी कोपऱ्यात एक वाटी नाकाशी धरून तिच्यावरची नक्षी बघत होती. बाई नेहमीप्रमाणे दारात थांबल्या. मीही मागे थांबलो. मला वाटलं, घोडं इथेच पेंड खाणार.

मग त्या आत गेल्या आणि बिट्टीसमोर जमिनीवर बसल्या.

"बिट्टी, ये."

आवाज आजीचा, पण इतक्या जवळून. पोरगी गोंधळली. आईच्या दिशेनं वळली. लेकीचे हात खोक्यावर थांबले होते. बाईंनी हात पुढे केले. त्यांनी पोरीला काखेत धरून उचललं आणि मांडीवर घेतलं. घेतलं तेव्हा कळलं की त्यांना आता कसं धरायचं ते आठवत नव्हतं.

बिट्टीनं काळा चष्मा काढला. दोन्ही कान धरून आजीचं तोंड नाकाशी आणलं. थरथरणारे डोळे कपाळावरून, भुवयांवरून, हनुवटीवरून फिरले. खूप वेळ. अंबाड्यातला कुंचला सापडला, तो तिनं ओढून काढला, त्याचं टोक बघितलं आणि पुन्हा चेहऱ्याकडे आली.

"आजी," ती म्हणाली, "तू अशी आहेस?"

बाईंनी तोंड मागे घेतलं नाही.

"अशी आहे," त्या म्हणाल्या. "बघ. नीट बघून घे."